दहा हजारांचे अनुदान आणि हाताचे ज्ञान

दलित चळवळीने शिक्षणाच्या प्रश्नावर सातत्याने विचार केला आहे. शिष्यवृत्त्या, वसतिगृहे, राखीव जागा, फीमाफी, पाठ्यपुस्तकांतील विकृती या सर्वांवर आपण लिहिले, बोललो, मोर्चे काढले. परंतु शाळेतल्या विज्ञानाच्या कपाटाकडे आपले लक्ष फारसे गेले नाही. त्या कपाटाची किल्ली कुणाकडे असते, ते वर्षातून किती वेळा उघडते आणि उघडल्यावर आतल्या वस्तूला कुणाचा हात लागतो, हे प्रश्न आपल्याला किरकोळ वाटत आले. ज्या समाजव्यवस्थेने स्पर्शाभोवती एवढे मोठे धर्मशास्त्र उभारले, त्या व्यवस्थेत उपकरणाला हात लावण्याचा प्रश्न हा केवळ अध्यापनपद्धतीचा प्रश्न राहू शकत नाही. म्हणून शाळांतील विज्ञानप्रकल्पांना मिळणाऱ्या छोट्या अनुदानांची चिकित्सा आपल्या नियतकालिकात व्हावी असे मला वाटते.

या अनुदानांपैकी सर्वांत परिचित म्हणजे केंद्र सरकारच्या विज्ञान आणि तंत्रज्ञान विभागाची 'इन्स्पायर पुरस्कार–मानक' ही योजना. प्रारंभी तिच्यात विद्यार्थ्याला पाच हजार रुपये मिळत. पुढे ही रक्कम दहा हजार झाली. देशभरच्या पाच लाख शाळांमधून दहा लाख कल्पना मागवायच्या, त्यांतून एक लाख निवडायच्या, त्या एक लाख विद्यार्थ्यांच्या बँकखात्यांत प्रत्येकी १०,००० रुपये थेट जमा करायचे, जिल्हा प्रदर्शनांतून दहा हजार, राज्य प्रदर्शनांतून एक हजार आणि राष्ट्रीय प्रदर्शनातून शेवटी साठ प्रकल्प निवडायचे, असा हा आराखडा आहे. पैसा मधल्या हातांत न अडकता मुलाच्या खात्यात जातो, ही त्यातली चांगली गोष्ट आहे आणि ती मोकळेपणाने मान्य केली पाहिजे. मजुराच्या घरात, मुलाच्या नावावर, विज्ञानासाठी दहा हजार रुपये येणे ही साधी घटना नव्हे.

तथापि योजनेचा पाया 'कल्पना' हा आहे. शाळेने पाच उत्तम कल्पना निवडून पाठवायच्या. कल्पना म्हणजे काय, तर कागदावर सुवाच्य उतरलेले, नेमून दिलेल्या भाषेतले टिपण. ते कोण लिहू शकतो? ज्याच्या घरात लिहिणारा माणूस आहे तो. निवड झाल्यावर प्रतिकृती बनते ती बहुधा सुताराच्या, वेल्डरच्या किंवा मोबाईल दुरुस्तीच्या दुकानात. प्रदर्शनात मूल पाठ केलेली माहिती सांगते. या सर्व व्यवहारात कल्पना एकाची, हात दुसऱ्याचे आणि प्रमाणपत्र पहिल्याचे, अशी वाटणी होऊन बसते.

मी पदवी महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवतो. त्या नात्याने तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनात परीक्षक म्हणून जाण्याचे प्रसंग येतात. एका प्रदर्शनात इंजेक्शनच्या सिरिंजा आणि सलाईनच्या नळ्या वापरून केलेले माती उचलण्याचे यंत्र मांडले होते. पुढे उभा असलेला मुलगा पास्कलचा नियम पुस्तकी मराठीत घडाघडा म्हणत होता. मी विचारले, नळीत पाणीच का भरले, नुसती हवा का चालली नाही? तो गप्प झाला. मागे, बोटांना डिंक चिकटलेला दुसरा मुलगा हळूच म्हणाला, "हवा दबती सर, पाणी न्हाय दबत. हवा भरून बघितलं आमी, हात उचलतच न्हाय." पास्कलच्या नियमाचा जीव त्या एका वाक्यात होता. नोंद मात्र एकाच नावाची होती आणि ते नाव पुढच्या मुलाचे होते. मागचा मुलगा कोणत्या वस्तीतला आहे, हे मी न विचारताच सोबतच्या शिक्षकांनी मला सांगितले.

हा त्या शिक्षकाचा वैयक्तिक दोष म्हणून सोडून देता येणार नाही. बाबासाहेबांनी १९३६ मध्ये 'अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट' या प्रबंधात दाखवून दिले आहे की जातिव्यवस्था ही श्रमाची नव्हे तर श्रमिकांची विभागणी आहे. विचार करणारा वर आणि हाताने काम करणारा खाली, हा तिचा नियम. शाळेत बाबासाहेबांना फळ्यावर गणित सोडवायला बोलावले तेव्हा फळ्यामागे ठेवलेले जेवणाचे डबे विटाळू नयेत म्हणून इतर मुले ते उचलायला धावली, हा प्रसंग चरित्रकारांनी नोंदवला आहे. गणित येणे पुरेसे नव्हते. फळ्यापर्यंत हात पोचण्याचाच प्रश्न होता. हा केवळ गतकाळ आहे असे कुणी समजू नये. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील भेदभावाची चौकशी करणाऱ्या थोरात समितीसमोर २००७ साली अनुसूचित जाती-जमातींच्या विद्यार्थ्यांनी ज्या तक्रारी मांडल्या, त्यांत प्रात्यक्षिक आणि तोंडी परीक्षांचा भाग ठळक होता. लेखी उत्तरपत्रिकेवर आडनाव झाकता येते. प्रयोगशाळेच्या टेबलाशी विद्यार्थी सदेह उभा असतो.

येथे एक आक्षेप येईल. हातांच्या शिक्षणाचा आग्रह दलितांनी का धरावा? पिढ्यान्‌पिढ्या हातच वापरायला लावले, आता तरी मुलांना डोके वापरू द्या. या आक्षेपामागे इतिहास आहे. १९३७ च्या वर्धा योजनेत हस्तोद्योग हा शिक्षणाचा केंद्रबिंदू मानला गेला आणि मुलांच्या उत्पादनातून शिक्षणाचा खर्च निघावा अशी गांधीजींची अपेक्षा होती. अशा शिक्षणाने मूल पुन्हा बापाच्याच धंद्यात ढकलले जाईल, ही शंका रास्त होती. बाबासाहेबांनी आपल्या मुलांसाठी चरख्याची शाळा काढली नाही. त्यांनी १९४६ मध्ये मुंबईत सिद्धार्थ आणि १९५० मध्ये औरंगाबादेत मिलिंद ही महाविद्यालये उभी केली आणि तेथे कलाशाखेबरोबर विज्ञानशाखाही आणली.

परंतु चरखा आणि प्रयोगशाळा या दोन्हींत हात असले तरी ते एकच हात नव्हेत. चरख्यावर सूत तुटता कामा नये, कारण ते विकायचे असते. प्रयोगशाळेत तेच सूत मुद्दाम तोडायचे असते: किती वजनाला तुटते, पीळ वाढवला तर काय होते, ओले केले तर जास्त पेलते की कमी? पहिल्या ठिकाणी हात आज्ञेत असतो, दुसऱ्या ठिकाणी तो प्रश्न विचारतो. वस्तू तोडून पाहण्याचा अधिकार हाच प्रयोगाचा गाभा आहे आणि नेमका हाच अधिकार आपल्या मुलांना कधी मिळालेला नाही. पाटलाच्या वाड्यावर हातून काही फुटले की मार ठरलेला. शाळेत परीक्षानळी फुटली की 'डेडस्टॉक रजिस्टर' आडवे येते. १९८७ मध्ये सुरू झालेल्या खडू-फळा मोहिमेत प्राथमिक शाळांना विज्ञानाच्या पेट्या मिळाल्या. त्यांतल्या कितीतरी पेट्या कपाटातच राहिल्या, कारण हरवले-फुटले तर भरून कोण देणार, ही धास्ती मुख्याध्यापकाला होती. वस्तू दिली, पण ती फुटण्यासाठी लागणारा पैसा दिला नाही, तर ती वस्तू दिलीच नाही असे समजावे.

हे वेगळ्या रीतीने होऊ शकते याचा दाखला होशंगाबादचा आहे. १९७२ मध्ये मध्य प्रदेशातील त्या जिल्ह्यात किशोर भारती आणि फ्रेंड्स रूरल सेंटर या संस्थांनी १६ माध्यमिक शाळांतून प्रयोगाधारित विज्ञानशिक्षणाचा कार्यक्रम सुरू केला. १९७८ मध्ये तो सबंध जिल्ह्यात गेला आणि १९८२ मध्ये स्थापन झालेल्या 'एकलव्य' संस्थेने तो पुढे चालवला. मुलांनी चार-चारच्या टोळ्यांत बसून स्वतः प्रयोग करायचे, दिसले ते आपल्या शब्दांत लिहायचे, परीक्षेतही पुस्तक उघडे ठेवायचे आणि प्रयोग करून दाखवायचा, अशी त्याची पद्धत होती. तेथे दिलेले सामान ही एका मुलाची बक्षिसी नव्हती, ते सगळ्या वर्गाचे होते. संपणाऱ्या-फुटणाऱ्या वस्तू पुन्हा भरून देणे हा कार्यक्रमाचाच भाग होता. चार मुलांची डोकी एका तराजूवर वाकतात तेव्हा घोकून पुढे उभा राहणारा आणि मागे राहून जोडणारा हा भेद टिकणे अवघड होते. २००२ मध्ये राज्य सरकारने हा कार्यक्रम बंद केला. तीस वर्षे सरकारी शाळांत चाललेली गोष्ट बंद करण्यास एक आदेश पुरला, हेही आपण लक्षात ठेवले पाहिजे.

१९७८ मध्ये याच होशंगाबादेत अरविंद गुप्ता यांनी काडेपेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्वची नळी यांतून भूमितीच्या आकृत्या जोडण्याचा संच तयार केला. त्यांच्या 'टाकाऊतून खेळणी' या कार्याने असंख्य मुलांच्या हाती विज्ञान दिले. त्याबद्दल मला आदर आहे. माझा आक्षेप त्या कार्याचा सोयीस्कर अर्थ लावणाऱ्या शासनाला आहे. निती आयोगाच्या अटल इनोव्हेशन मिशनने २०१६ पासून काही शाळांना 'अटल टिंकरिंग लॅब'साठी २० लाख रुपयांपर्यंत अनुदान दिले. तिच्यात थ्री-डी प्रिंटर असतो, सेन्सर असतात. पण त्यासाठी साधारणपणे १,५०० चौरस फूट बांधीव जागा असावी लागते. ज्या शाळेत दोन वर्ग एका खोलीत बसतात तिने ही जागा कोठून आणावी? दुसऱ्या टोकाला २०१८ साली सुरू झालेल्या समग्र शिक्षा योजनेच्या निकषांत तीस विद्यार्थ्यांपर्यंतच्या शाळेला वर्षाचे एकत्रित अनुदान १०,००० रुपये. त्यात दुरुस्ती, वीजबिल, खडू, शैक्षणिक साहित्य सर्व काही, आणि किमान दहा टक्के स्वच्छतेवर. म्हणजे एका मुलाच्या एका प्रतिकृतीला जेवढी रक्कम, तेवढ्यात एका छोट्या शाळेने सारे वर्ष काढायचे. अशा शाळेला 'टाकाऊतून टिकाऊ करा' असे सांगणे ही काटकसर झाली, तिला अध्यापनपद्धती म्हणता येणार नाही.

शिवाय टाकाऊ हा शब्द सर्वांना सारखा नसतो. सुखवस्तू घरातल्या मुलाला कचरा ही गंमत असते. आपल्या शहरी वस्त्यांत तो पोटाचा धंदा आहे, आणि हा धंदा कुणाच्या वाट्याला आला ते सांगायला नको. कचरा वेचणाऱ्या बाईला प्लॅस्टिकचे प्रकार कळतात. ती ते चुरगाळून आवाज ऐकते, वाकवून पाहते, वेळेला जाळून वास घेते. पॉलिथिन पाण्यावर तरंगते आणि बाटलीचे पेट बुडते, हे घनतेच्या धड्यातले उत्तम उदाहरण आहे. पण तिच्या मुलाला शाळेत बाटली कापून फुलदाणी करायला शिकवतात. आईला जे कळते ते विज्ञान आहे, हे त्याला कुणी सांगत नाही.

आपल्या साहित्याच्या वाचनातही हीच उणीव राहिली आहे. लक्ष्मण माने यांच्या 'उपरा'त (१९८०) टोपल्या विणणारा कैकाडी समाज आहे. उर्मिला पवार यांच्या 'आयदान'चे (२००३) नावच बांबूच्या विणकामावरून आलेले आहे. समीक्षकांनी ही पुस्तके वेदना आणि विद्रोह या दोन शब्दांत बसवली. ते शब्द खरेच आहेत. पण बांबू कोणत्या दिशेने चिरतो, ओला असताना किती वाकतो, कोठे मोडतो, याचे जे ज्ञान त्या हातांत होते त्याची समीक्षा कुणी केली नाही. हलगी वाजवणारा आधी ती जाळावर शेकतो. कातड्यातली ओल जाते, ताण वाढतो, आवाज चढतो. पडद्याच्या कंपनाचा हा नियम मी वर्गात फळ्यावर सूत्राने लिहितो. मुलांनी पुन्हा हलगीकडे वळावे असे मी मुळीच म्हणत नाही. गावकीची लाचार कामे नाकारून आपला समाज माणूस झाला, ते पाऊल मागे घेण्याचे कारण नाही. पण काम नाकारले म्हणजे त्या कामातले ज्ञानही नाकारावे असे नाही. कामाची सक्ती व्यवस्थेने लादली होती. ज्ञान आपल्या माणसांनी स्वतः कमावले होते.

महात्मा फुल्यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे केलेल्या निवेदनात प्राथमिक शिक्षक कसा असावा हे सांगितले आहे. नांगराची मूठ किंवा सुताराचा वाकस हाती धरायला ज्याला लाज वाटत नाही आणि जो खालच्या थरांत सहज मिसळतो, असा शिक्षक त्यांना हवा होता. शेतीचे धडे लहान नमुना-शेतांवर प्रत्यक्ष द्यावेत, असेही त्यांनी सुचवले होते. अनुदानाच्या कोणत्याही योजनेची कसोटी मी येथूनच घेईन.

तेव्हा मागणी काय करायची? अनुदान एका मुलाच्या कल्पनेला एकदाच न देता सबंध वर्गाला दरवर्षी द्यावे. त्यातला ठरावीक भाग फुटण्या-संपण्यासाठी आहे असे नियमातच लिहावे आणि त्यासाठी शिक्षकाकडून खुलासा मागू नये. प्रदर्शनात चकचकीत प्रतिकृतीपेक्षा फसलेल्या प्रयत्नांची वही तपासावी. ज्यांनी ज्यांनी हात लावला त्या सर्वांची नावे प्रमाणपत्रावर यावीत.

या मागण्या मंत्रालयापर्यंत जायला वेळ लागेल. तोवर कार्यकर्त्यांना एक काम आजही करता येईल. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश सदस्य पालक असावेत आणि वंचित घटकांच्या पालकांना त्यांच्या प्रमाणात जागा मिळावी असे ठरवले आहे. आपल्या वस्तीतले जे आईबाप या समितीवर नावापुरते बसतात त्यांच्याबरोबर एकदा शाळेत जा. रजिस्टर मागा, यंदा विज्ञानाच्या सामानावर किती पैसे खर्च झाले ते विचारा, आणि मुलांच्या देखत कपाट उघडायला लावा. आत भिंग असेल तर ते सर्वांत मागे बसणाऱ्या मुलीच्या हातात द्या.