खोलीला वास येतो तेव्हा

नागिसा ओशिमाच्या ‘इन द रेल्म ऑफ द सेन्सेस’चं (१९७६) नाव निघालं की पहिला प्रश्न ठरलेला असतो : त्यातलं खरं आहे का? हो, आहे. एको मात्सुदा आणि तात्सुया फुजी यांच्यातला संभोग कॅमेऱ्यासमोर खरोखर झालेला आहे. मला पडतो तो प्रश्न वेगळा. नुसत्या अभिनयाने भागलं नसतं का?

गोष्ट घडलेली आहे. १९३६ साली टोकियोत साडा आबे नावाच्या बाईने आपल्या प्रियकराचा, किचिझो इशिदाचा, गळा आवळला आणि त्याचं लिंग कापून सोबत नेलं. चित्रपटात हे अगदी शेवटी येतं. तोवर दोघं एका खोलीतून दुसऱ्या खोलीत, जवळपास सतत एकमेकांच्या अंगावर. फोनवर ‘तो’ सीन गाठायला बोट पुढे सरकवायची आपली सवय इथे निकामी ठरते, कारण सगळा चित्रपटच तो सीन आहे. उत्तेजना वगैरे लवकरच विरते. मग दिसायला लागतो थकवा, कोंदटलेली हवा, दिवसेंदिवस न झाडलेली खोली. खोलीला वास मारतो म्हणून तिथल्या बायका कुरकुरतात. मला हे फार नेमकं वाटतं. पॉर्नमधल्या खोलीला कधी वास येत नाही!

बाहेरचं जग फारसं दिसत नाही. एकदाच किचिझो रस्त्याने चाललेला असतो आणि समोरून सैनिक येतात. कडेला लोक झेंडे हलवत उभे. हा खाली मान घालून, अंग चोरून उलट दिशेने निघून जातो. त्या वर्षी फेब्रुवारीत टोकियोत लष्करी उठाव झाला होता, पुढच्या वर्षी चीनशी युद्ध पेटलं. ओशिमा यातलं काही बोलून दाखवत नाही. पण देशाला रणांगणासाठी हवं असलेलं एक शरीर इथे बंद खोलीत खर्च होतंय, हे कळतं. ही मुक्ती मात्र नव्हे. खोलीतही शेवट मरणातच आहे.

इथे चादरी ओढून चालणार नव्हतं. झाकायचं काम सरकार करतच होतं. जपानी कायद्यामुळे निगेटिव्ह फ्रान्सला पाठवून तिथे धुवून घ्यावी लागली. मायदेशी चित्रपट दिसला तो काटछाट होऊन, धूसर होऊन. पटकथा आणि छायाचित्रांच्या पुस्तकावर अश्लीलतेचा खटला चालला, ओशिमा १९८२ मध्ये अखेर निर्दोष सुटला. अश्लीलता दाखवण्यात नसते, लपवण्यात असते, असा त्याचा युक्तिवाद होता. (आपल्याकडे २०१७ साली गोव्याच्या इफ्फीतून रवी जाधवांचा ‘न्यूड’ वगळला गेला. त्यात तर चित्रकलेच्या वर्गात मॉडेल म्हणून बसणारी बाई होती.)

युक्तिवाद मला पटतो. पण तो दिग्दर्शकाचा आहे, आणि शरीर त्याचं नव्हतं. चित्रपटातली इच्छा साडाची आहे, कॅमेरा बहुतेकदा तिच्या भुकेमागे जातो, म्हणून तर हा चित्रपट बाईला वस्तू करत नाही असं मी मानतो. तरीही फुजी पुढे कित्येक दशकं काम करत राहिला, २०२३ मध्ये सान सेबास्तियनला त्याला अभिनयाचं पारितोषिकही मिळालं. मात्सुदाच्या वाट्याला त्यानंतर मोजकेच चित्रपट आले. ओशिमाला १९७८ मध्ये ‘एम्पायर ऑफ पॅशन’साठी कानमध्ये दिग्दर्शनाचा पुरस्कार मिळाला. त्यात नायक म्हणून पुन्हा फुजी होता. नायिका दुसरी होती.