शिधा मोजणारी पुस्तकं

ड्युईच्या दशांश पद्धतीत युद्धाला एक घर नाही. लष्करी शास्त्र ३५५ मध्ये, दुसरं महायुद्ध ९४०.५३-५४ मध्ये, भारतातल्या लढाया ९५४ च्या पोटात कुठेतरी. पुण्याच्या उपनगरातल्या आमच्या वाचनालयाने हा प्रश्न सरळ निकालात काढलाय. एका लोखंडी कपाटावर 'युद्ध' असं रंगवलंय आणि कादंबरी, चरित्र, इतिहास, आठवणी सगळं आत एकत्र आहे. वर्गीकरण म्हणून हे चूक असेल, पण त्यामुळे शेजवलकर आणि रोमेल एका फळीवर येतात आणि तुलना आपोआप सुरू होते. गेले काही महिने दर शनिवारी मी हे कपाट वाचतेय.

दीड फळी हिटलरची आहे. वि. ग. कानिटकरांच्या 'नाझी भस्मासुराचा उदयास्त'ची बांधणी खिळखिळी झालीय, मागच्या चिठ्ठीवर तारखेच्या शिक्क्यांना जागा उरलेली नाही. शीर्षकातच गंमत आहे. भस्मासुर म्हटलं की शेवटी तो स्वतःच्याच डोक्यावर हात ठेवणार, हे आपल्याला लहानपणापासून ठाऊक असतं. शेवट माहीत असलेली गोष्ट पुन्हा ऐकण्याचा आनंद हे पुस्तक भरपूर देतं. वि. स. वाळिंब्यांचं 'दुसरं महायुद्ध'ही असंच, हातातून सुटत नाही. या फळीबद्दल माझी तक्रार वेगळी आहे. नकाशावर बाण सरकतात आणि सैन्यं त्या बाणांबरोबर सरकतात. ती जेवली काय, हे फारसं कोणी विचारत नाही.

हा प्रश्न मला पडतो त्याला माझा धंदा कारणीभूत असावा. रात्री यंत्रणा कोसळली की दुसऱ्या दिवशी आम्ही अहवाल लिहितो. त्यात कोणाचं चुकलं हे आधी लिहायचं नसतं. किती वाजता काय संपत आलं होतं आणि ते कोणाला दिसत होतं, हे लिहायचं. या सवयीने वाचलं की कपाटातली पुस्तकं दोन ढिगांत पडतात: शिधा मोजणारी आणि न मोजणारी.

शेजवलकरांचं पानिपत पहिल्या ढिगात. ऑक्टोबर १७६० मध्ये मराठ्यांनी कुंजपुरा घेतला, तिथे धान्य मिळालं. त्याच महिन्यात अब्दाली बागपतला यमुना उतरला आणि दिल्ली व मराठे यांच्या मधे येऊन बसला. पुढचे अडीच महिने म्हणजे एक आटत जाणारी कोठी. बरोबर बुणगे, बायका, यात्रेकरू. डिसेंबरमध्ये गोविंदपंत बुंदेले मारले गेले, अंतर्वेदीतून येणाऱ्या रसदेची आशाही मावळली. या क्रमाने पाहिलं की १४ जानेवारी १७६१ ही तारीख दैवाची राहत नाही. उपाशी सैन्य बाहेर पडणारच होतं. विश्वास पाटलांची १९८८ ची कादंबरी कपाटात तीन प्रतींत आहे आणि तिन्ही कायम बाहेर असतात. तिचा जोर मला मान्य आहे. पण तिच्यातली भूक काळजाला हात घालते, शेजवलकरांकडची भूक डावपेच ठरवते. पराभव समजून घ्यायचा असेल तर मला दुसरी जास्त उपयोगाची वाटते.

१९६२ ची फळी लहान, पण सगळ्यात चांगली. मेजर जनरल शशिकांत पित्रे यांचं 'न सांगण्याजोगी गोष्ट' आणि श्याम चव्हाण यांचं 'वालाँग : एका युद्धकैद्याची बखर' ही पाठोपाठ वाचावीत. एक सेनानीच्या उंचीवरून, दुसरं कैद्याच्या. चव्हाणांनी 'बखर' हा शब्द घेतला, हेच मला धाडसाचं वाटतं. बखर राजांची, लढायांची; इथे ती पकडल्या गेलेल्या माणसाची आहे. पित्र्यांचं शीर्षकही नुसता अलंकार नाही. या युद्धाचा खरा अहवाल, हेंडरसन ब्रुक्स आणि भगत यांचा, १९६३ मध्येच तयार झाला आणि सरकारने तो आजवर गोपनीय ठेवलाय. नेव्हिल मॅक्सवेल यांनी २०१४ मध्ये त्याचा काही भाग इंटरनेटवर टाकला, तेवढाच लोकांनी पाहिला. नामका चूच्या काठी सुती गणवेशात, मोजक्या गोळ्यांनिशी उभ्या केलेल्या सातव्या ब्रिगेडचा हिशेब त्यामुळे निवृत्त अधिकाऱ्यांनी आपापल्या पुस्तकांत मांडायचा. तो त्यांनी मांडला. मूळ अहवाल कुलपात असताना हे काम या दोन मराठी पुस्तकांवर येऊन पडलं, याचं मात्र वाचताना वारंवार वाईट वाटतं.

आणि मग जे सापडलं नाही ते. पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियात कुत इथे वेढ्यात अडकून २९ एप्रिल १९१६ ला शरण गेलेल्या सैन्याचं नाव होतं सहावी (पूना) डिव्हिजन. त्यात १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी होत्या. वेढा १४७ दिवस चालला. धान्य संपत आल्यावर घोडे कापले गेले, आणि ते मांस खायचं की नाही हा प्रश्न हिंदी शिपायांपुढे धर्माचा होऊन बसला. शरणागतीनंतर कैद्यांना वाळवंटातून चालवत नेलं, त्यात असंख्य वाटेतच मेले. शिधा हाच ज्या लढाईचा विषय, अशी याहून स्पष्ट लढाई मला माहीत नाही. आणि ज्या शहराचं नाव त्या डिव्हिजनला होतं, त्या शहरातल्या या कपाटात तिच्यावर एकही पुस्तक नाही. साताऱ्याकडच्या, कोकणातल्या गावांत 'या गावातून इतके लोक महायुद्धात गेले' अशा संगमरवरी पाट्या आहेत. त्यांवर फक्त आकडा असतो.

पलटणीतले बरेच जण निरक्षर होते, मग लिहिणार कोण, हे उत्तर मी ऐकलंय. ते अर्धंच पुरतं. बंगालमधून रुग्णसेवक म्हणून गेलेले शिशिरप्रसाद सर्वाधिकारी याच कुतमध्ये कैद झाले. त्यांच्या आठवणींचं 'अभि ले बगदाद' हे बंगाली पुस्तक १९५७ मध्ये आलं. ज्यांना लिहिता येत नव्हतं त्यांच्या नातवंडांना येत होतं. कोणी वही घेऊन त्यांच्यापुढे बसायला हवं होतं. आता ती पिढी गेली. 'अभि ले बगदाद'चा अनुवाद मात्र अजून मागता येतो. वाचनालयाच्या सूचनावहीत मी तसं लिहून आलेय. जागेची अडचण नसावी, रोमेलच्या दोन प्रती आहेत.