ग्वामचे न सुटलेले कोडे
ऑलिव्हर सॅक्स यांच्या ‘द आयलंड ऑफ द कलरब्लाइंड’ या पुस्तकाचा उत्तरार्ध ग्वाम बेटावरच्या चामोरो लोकांच्या मज्जाविकाराविषयी आहे. कुणाचे हातपाय लुळे पडतात, कुणाला कंप सुटून स्मृतिभ्रंश होतो. संशय सायकॅडच्या बियांच्या पिठावर. पण त्या बिया तर अनेकदा पाणी बदलून भिजवतात! कारण सापडलेले नाही, हे सॅक्स मोकळेपणाने लिहितात. पुस्तकाचे बळ तेच. (आपल्या लाखोळी डाळीतले विष निदान ओळखता तरी आले.) २००२ मध्ये मात्र त्यांनी पॉल कॉक्स यांच्यासह तर्क मांडला : बिया खाणाऱ्या वटवाघळांत विष साठते आणि ती वटवाघळे माणसे खात. २००३ मध्ये त्याच्या आधारासाठी तपासली गेली ती संग्रहालयातली तीन जुनी कातडी. तीनच! हा तर्क खोडायला कोणती मोजमापे लागतील, ते मुलांना जरूर विचारावे.