आरसा कशासाठी? : एका माहितीपटावरील प्रतिक्रियांच्या निमित्ताने

गेल्या उन्हाळ्यात धाराशिव जिल्ह्यातील एका विहारात निशा पाहुजा यांचा 'द वर्ल्ड बिफोर हर' हा माहितीपट दाखविण्यात आला. २०१२ साली पूर्ण झालेला आणि २०१४ च्या जूनमध्ये भारतातील चित्रपटगृहांत आलेला हा चित्रपट आम्ही पूर्वी पाहिला होता. त्यामुळे या वेळी आमचे लक्ष पडद्याइतकेच प्रेक्षकांकडे होते. त्या दिवशी ज्या प्रतिक्रिया ऐकावयास मिळाल्या, त्यांचा विचार उपासक-उपासिकांपुढे मांडणे आम्हांस आवश्यक वाटते.

चित्रपटात दोन शिबिरांची कथा समांतर चालते. एक मुंबईचे, मिस इंडिया स्पर्धेसाठी तरुणींना तयार करणारे. दुसरे औरंगाबादचे, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरचे, विश्व हिंदू परिषदेच्या दुर्गा वाहिनीचे. या दुसऱ्या शिबिरात किशोरवयीन मुली लाठी आणि बंदूक चालविण्यास शिकतात, मुसलमान व ख्रिस्ती हे शत्रू आहेत अशी व्याख्याने ऐकतात आणि शेवटी घोषणा देत शहरातून मिरवणुकीने जातात. मुलींना बळ देणारे हेच शिबीर विवाह आणि संसार हे स्त्रीचे कर्तव्य असल्याचेही बजावते. तेथील एका तरुण प्रशिक्षिकेला विवाह नको आहे, आयुष्य संघटनेला द्यावयाचे आहे. परंतु ज्या विचाराने तिला उभे केले त्या विचारात तिच्या या इच्छेला जागा नाही. चित्रपटाचे मर्म या विसंगतीत आहे, असे आमचे मत आहे.

विहारातील पहिली प्रतिक्रिया संतापाची होती आणि ती स्वाभाविक होती. दुसरी अशी की, मुली धीट होत असतील तर त्यात वाईट ते काय? तिसरी प्रतिक्रिया मात्र आम्हांला अस्वस्थ करून गेली. एक निवृत्त शिक्षक, चळवळीतील जुने आणि प्रामाणिक कार्यकर्ते, उठून म्हणाले, "त्यांना नावे ठेवून काय उपयोग? आपणही अशीच शिबिरे भरवली पाहिजेत." टाळ्या पडल्या. संतापणारे आणि टाळ्या वाजविणारे बहुतेक तेच होते.

असा अनुभव केवळ आपल्याकडचा नाही. २००६ मध्ये अमेरिकेत 'जीझस कॅम्प' हा माहितीपट निघाला. नॉर्थ डकोटा राज्यातील एका ख्रिस्ती शिबिरात लहान मुले रडत, थरथरत प्रार्थना करतात आणि स्वतःस धर्माचे सैनिक समजू लागतात, हे त्यात दिसते. तो पाहून अनेकांच्या अंगावर काटा आला. शिबीर चालविणाऱ्या बाईंनी मात्र आपल्या कार्याचे समर्थनच केले. एकाच दृश्यात एकाला अत्याचार दिसतो, दुसऱ्याला साधना. तेव्हा दृश्य भयंकर आहे एवढे म्हणून भागत नाही. ते कोणत्या कसोटीवर भयंकर ठरते हे सांगता आले पाहिजे. कसोटी नसेल तर आपला संताप 'ते आपले नव्हेत' एवढ्यापुरताच उरतो.

पाहुजा यांच्या चित्रपटात येथेच एक उणीव जाणवते. दोन शिबिरे शेजारी ठेवल्याने भारतीय मुलीपुढे जणू दोनच वाटा आहेत असा भास होतो. आमच्या जिल्ह्यातील कळंब-वाशीकडच्या ऊसतोड मजुराची मुलगी या दोन्ही वाटांवर नाही. हंगामात ती आईबापांबरोबर फडावर असते आणि उन्हाळ्यात गावी परतते. त्या वेळी जो कोणी तिला दहा दिवस जेवण, सोबत, खेळ आणि नाव घेऊन हाक मारणारा माणूस देईल, त्याच्याकडे ती जाईल. ललित वाच्छानी यांनी 'द बॉय इन द ब्रँच' (१९९३) या नागपुरातील संघशाखेवरील माहितीपटात हेच दाखविले आहे. मुले शाखेत येतात ती खेळासाठी आणि मित्रांसाठी. मतारोपण होते ते गोष्टींतून, गाण्यांतून, आपलेपणातून. व्याख्यान त्यानंतर येते.

आता आपल्या परंपरेकडे वळू. विनयपिटकाच्या महावग्गात राहुलाची कथा आहे. आईच्या सांगण्यावरून तो तथागतांच्या मागे जातो आणि पित्याकडे आपला वारसा मागतो. तथागत त्याला प्रव्रज्या देववितात. वृद्ध शुद्धोदन त्यावर आपले दुःख बोलून दाखवितो. आधी पुत्र गेला, मग नंद, आता नातू. तथागत त्याचे म्हणणे मान्य करतात आणि मातापित्यांच्या संमतीवाचून मुलाला प्रव्रज्या देऊ नये असा नियम करतात. त्याच ग्रंथात राजगृहातील सतरा मुलांची हकीकत येते. लेखनाने बोटे दुखतील, गणिताने छाती दुखेल, भिक्खूंचे जीवन सुखाचे, असा विचार करून उपालीचे आईबाप त्याला संघात जाऊ देतात आणि त्याचे सवंगडीही त्याच्यामागे जातात. रात्री ती मुले पेज मागत रडतात. ते रडणे तथागतांच्या कानी पडते आणि वीस वर्षांखालील कोणालाही उपसंपदा देऊ नये असा नियम होतो. बालकाचे रडणे ऐकून नियम बदलणारी ही परंपरा आहे. आपली चूक तिने लपविली नाही, ग्रंथात नोंदवून ठेवली.

त्याच राहुलाला तथागतांनी काय शिकविले? मज्झिमनिकायातील अम्बलट्ठिका-राहुलोवाद सुत्तात ते त्याला विचारतात, आरसा कशासाठी असतो? पाहण्यासाठी, असे राहुल उत्तरतो. तसेच प्रत्येक कर्म करण्यापूर्वी, करताना आणि केल्यावर पाहावे, त्याने स्वतःला वा दुसऱ्याला पीडा होते काय हे तपासावे, असा तो उपदेश आहे. अट्ठकथेनुसार राहुल तेव्हा सात वर्षांचा होता. सात वर्षांच्या मुलाच्या हाती तथागतांनी शत्रूंची यादी दिली नाही, आरसा दिला. वीमंसक सुत्तात तर खुद्द तथागतांचीही परीक्षा करण्यास शिष्याला सांगितले आहे. आमच्या मते कसोटी हीच. ज्या शिकवणुकीत मुलाला शिकविणाऱ्याकडेही आरसा धरता येतो तो संस्कार, आणि जेथे आरसा काढून घेतला जातो ते मतारोपण, मग भिंतीवर तसबीर कोणाचीही असो.

बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३६ च्या आपल्या जातिनिर्मूलनविषयक ग्रंथात नियम आणि तत्त्व यांत भेद केला. नियम केवळ पाळायचा असतो, तत्त्व विचाराने लावायचे असते, आणि धर्म हा तत्त्वांचाच असला पाहिजे, असे त्यांचे प्रतिपादन आहे. ज्या औरंगाबादेत चित्रपटातील ते शिबीर भरले, त्याच औरंगाबादेत त्यांनी १९५० मध्ये महाविद्यालय सुरू केले. पुढे त्याला मिलिंदाचे नाव मिळाले आणि परिसर नागसेनवन झाला. मिलिंद हा प्रश्न विचारणारा राजा. नागसेन त्याच्याशी बोलण्यापूर्वी अट घालतात की, संवाद राजासारखा नको, पंडितासारखा हवा. कारण राजे विरोध करणाऱ्याला दंड करतात, पंडित रागावत नाहीत.

या कसोटीवर आमची शिबिरे उतरतात काय? काही वर्षांपूर्वी एका बालसंस्कार शिबिरात आम्ही पालीचे पाठ घेत होतो. अकरा-बारा वर्षांच्या एका मुलीने विचारले, "बावीस प्रतिज्ञा मी कधी घेतल्या?" प्रश्न रास्त होता. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात ज्यांनी त्या उच्चारल्या ते बहुसंख्य प्रौढ होते, काय सोडतो आहोत हे जाणून बोलत होते. या मुलीने काहीच सोडले नव्हते, तिला सर्व जन्मतः मिळाले होते. संयोजकांनी उत्तर दिले, "आधी पाठ कर, मोठी झालीस की कळेल." आणि आम्ही, राहुलोवाद शिकविणारे, गप्प राहिलो. आमच्याकडे लाठी नव्हती, द्वेष नव्हता. आणि हा फरक लहान नाही. परंतु त्या क्षणी त्या मुलीच्या हातातील आरसा आम्हीच काढून घेतला होता.

आजच्या धाराशिव जिल्ह्यातील कसबे तडवळे येथे १९४१ च्या फेब्रुवारीत महार-मांग वतनदारांची परिषद भरली होती आणि बाबासाहेब तिला उपस्थित होते. वतनाच्या बेडीविरुद्ध १९२८ मध्येच त्यांनी मुंबई कायदेमंडळात विधेयक आणले होते. वतन म्हणजे काय? न विचारता जन्माने गळ्यात पडलेले, म्हणून सोडता न येणारे. त्या बेडीतून ज्यांनी आम्हांला सोडविले, त्यांचा धम्म आम्ही मुलांना वतन म्हणून देणार आहोत काय? राहुलाने वारसा मागितला, त्याला अखेर मिळाली ती तपासण्याची दृष्टी.

म्हणून त्या आदरणीय शिक्षकांना आमचे नम्र निवेदन आहे. शिबिरे अवश्य भरवावीत. फडावरून परतलेल्या मुलीला तेथे पोटभर जेवण, खेळ आणि मैत्रिणी मिळाव्यात. परंतु 'अशीच' नकोत. पंचशीलाचे प्रत्येक शील हे सिक्खापद आहे, 'समादियामि' म्हणजे मी स्वतः स्वीकारतो, हा अर्थ पाठांतराआधी सांगावा. रोज एक तास केवळ मुलांच्या प्रश्नांसाठी ठेवावा आणि त्या तासाला मोठ्यांनी रागावू नये. त्या मुलीच्या प्रश्नाचे उत्तर आम्ही आज देतो : बाळ, तू त्या अजून घेतलेल्या नाहीस. समजून घे, तपासून पाहा, आणि पटल्या तर तुझ्या तोंडाने घे. तोपर्यंत तू आमचीच आहेस, आणि नंतरही.