भोपाळची दूषित भूमी : ३३७ टनांपलीकडे

प्रदूषित स्थळाचे व्यवस्थापन म्हणजे घातक कचऱ्याची विल्हेवाट, हे समीकरण प्रशासकीय विचारात रूढ झाले आहे. भोपाळच्या युनियन कार्बाइड कारखान्याच्या आवारातील ३३७ टन कचरा जानेवारी २०२५ मध्ये पीथमपूरला हलविण्यात आला व त्याच वर्षी जाळण्यात आला. परंतु हा कचरा २००५ पासून गोदामात साठविलेला होता. आसपासच्या भूजलातील विषाचा उगम प्रामुख्याने अन्यत्र, म्हणजे उघड्यावर टाकलेल्या, पुरलेल्या व बाष्पीभवन-तलावांतून झिरपलेल्या रसायनांत आहे. त्यांतील क्लोरीनयुक्त सेंद्रिय संयुगे दशकानुदशके विघटित होत नाहीत. नागपूरच्या 'नीरी'ने २०१० मध्ये दूषित मातीच सुमारे ११ लाख टन असल्याचे अनुमान केले होते.

आरोग्याची जोखीम टनांवर ठरत नाही. विष माणसापर्यंत कोणत्या मार्गाने पोहोचते, यावर ठरते. बाधित वस्त्यांना शुद्ध पाणी पुरविण्याचा सर्वोच्च न्यायालयाचा २००४ चा आदेश म्हणूनच अधिक शास्त्रीय वाटतो. (अर्थात, नळ आल्याने भूजल शुद्ध होत नाही.)

जुलै २०२५ मध्ये प्रदूषित स्थळांविषयीचे केंद्रीय नियम अधिसूचित झाले. त्यांत प्राथमिक पाहणीस ९० दिवसांची मुदत आहे. शुद्धीकरण पूर्ण करण्यास मात्र निश्चित मुदत नाही. ही त्रुटी तांत्रिक म्हणून सोडून देता येणार नाही, कारण पाहणी आणि शुद्धीकरण यांच्या दरम्यानही लोक त्याच वस्तीत राहतात व हातपंपाचे पाणी वापरतात.