खोटे भूत, खरे भूत : भयविनोदाच्या दोन वाटा

जुन्या ब्रिटिश भयविनोदी चित्रपटांतील भूत बहुधा खोटे असते. ‘ओह, मिस्टर पोर्टर!’ (१९३७) मधील एकाक्ष गिरणीवाला काय किंवा अर्नोल्ड रिडलीच्या नाटकावर बेतलेल्या ‘द घोस्ट ट्रेन’ (१९४१) मधील गाडी काय, दोहोंच्या आड शस्त्रांची चोरटी वाहतूक दडलेली आहे. टोळी सापडते, भूत विरते आणि प्रेक्षक स्वतःच्या भित्रेपणाला हसतो. हे हसू विवेकाचे खरे; पण ते जरा स्वस्तातही मिळते.

मराठी चित्रपटाने दुसरी वाट धरली. द. मा. मिरासदारांची पटकथा असलेल्या ‘एक डाव भुताचा’ (१९८२) मध्ये भूत खरेच आहे. अशोक सराफ यांनी ते असे रंगवले आहे की नायकाशी त्याचे नाते छळणाऱ्याचे न राहता सोबत्याचे होते. (याच मिरासदारांनी ‘भुताचा जन्म’ ही कथाही लिहावी, हे गमतीचे.) ‘झपाटलेला’ (१९९३) हा ‘चाइल्ड्स प्ले’ची नक्कल म्हणून निकालात काढला जातो. कल्पना उसनी आहे, यात शंका नाही. मात्र तात्या विंचूचा बाहुला रामदास पाध्ये यांच्या शब्दभ्रमकलेतून आला आहे आणि ती कला त्यांच्या घरात वडिलांपासूनची आहे, याची दखल समीक्षेने घेतलेली नाही.

खरे भूत मान्य करणारा विनोद अंधश्रद्धेला खतपाणी घालतो, हा आक्षेप हलका नाही. त्याचे उत्तर भुताच्या स्वरूपातच शोधावे लागते. रेने क्लेअरच्या ‘द घोस्ट गोज वेस्ट’ (१९३५) मध्ये, अपवादाने, भूत खरे आहे. कुळाच्या अपमानाची परतफेड राहिल्यामुळे ते अडकले आहे आणि किल्ला अमेरिकेला हलवला जातो तेव्हा त्यालाही जावे लागते. आदित्य सरपोतदार यांच्या ‘मुंज्या’ (२०२४) मधील मुलाचे लग्न राहिले आहे. मुंज झाली, संसार नाही, या अर्धवट अवस्थेलाच कोकणाने भूत मानले. तेव्हा हसू रूढीवर रोखले जाऊ शकते. चित्रपट मात्र उत्तरार्धात संगणकीय करामतींत रमतो आणि ती संधी दवडतो.

बेंगळुरूतील ‘नाळे बा’ची आख्यायिका येथे अधिक बोलकी ठरते. १९९० च्या दशकात दारांवर ‘उद्या ये’ अशा अर्थाचे हे कन्नड शब्द लिहिले जात. भूत ते वाचून परते आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच वाची. ‘स्त्री’ (२०१८) ने ही युक्ती चंदेरीत नेली. घरमालक भूत खोटे ठरवीत नाही, त्याला हाकलीतही नाही. तगादा लावणाऱ्या सावकाराला द्यावा तसा तो त्याला रोज नवा वायदा देतो.