'फाईल हिस्टरी' काय जपते आणि काय वगळते

संगणकावरील कामाची दुसरी प्रत ठेवावी, हे आता शिक्षकांना सांगावे लागत नाही. निकालपत्रके, प्रश्नपत्रिकांचे संच, विज्ञान प्रदर्शनाची छायाचित्रे, वर्षानुवर्षे जमवलेली टिपणे असे बरेच काही शाळेच्या संगणकात असते आणि हार्ड डिस्क कधीतरी दगा देते, हेही सर्वांना ठाऊक असते. मग कोणी जाणकार येतो, बाहेरची डिस्क जोडतो, विंडोजमध्येच असलेली 'फाईल हिस्टरी' सुरू करून देतो आणि सारे निर्धास्त होतात. ही निर्धास्ती ज्या आज्ञावलीवर टेकलेली आहे तिचे परीक्षण करावे, असा या लेखाचा हेतू आहे. पुस्तकांची परीक्षणे आपण वाचतो, प्रयोगशाळेतल्या उपकरणांचीही वाचतो. संगणकाबरोबर आपोआप आलेल्या आज्ञावलीच्या वाट्याला मात्र हे भाग्य सहसा येत नाही.

फाईल हिस्टरी २०१२ साली विंडोज ८ बरोबर आली आणि विंडोज १० व ११ मध्येही आहे. तिची मूळ रचना चांगली आहे, हे आधीच मान्य केले पाहिजे. नेहमीच्या मांडणीत ती दर तासाला जागी होते आणि मागच्या फेरीनंतर बदललेल्या फाईलींच्या प्रती बाहेरच्या डिस्कवर करते. कोणत्या फाईली बदलल्या हे शोधण्यासाठी ती सगळी डिस्क धुंडाळत बसत नाही. विंडोजची एनटीएफएस ही फाईलव्यवस्था प्रत्येक बदलाची नोंद स्वतःच्या एका वहीत करत असते. फाईल हिस्टरी ती वही चाळते, म्हणून तिच्यामुळे संगणक रेंगाळत नाही. जुनी प्रत पुसून तिच्या जागी नवी ठेवण्याऐवजी ती प्रत्येक प्रतीच्या नावाला तारीख आणि वेळ जोडते. सोमवारचा मसुदा आणि गुरुवारचा मसुदा असे दोन्ही मिळतात. सर्वांत मोठा गुण असा की या प्रती साध्या फाईली असतात. डिस्क दुसऱ्या कोणत्याही संगणकाला जोडली, 'फाईलहिस्टरी' नावाचा फोल्डर उघडला की प्रत समोर दिसते.

या गुणाचे मोल कळायला थोडे मागे जावे लागेल. विंडोज एक्सपीच्या काळातली 'एनटीबॅकअप' ही आज्ञावली सर्व फाईली एका मोठ्या बीकेएफ गाठोड्यात बांधत असे. २००७ मध्ये विंडोज व्हिस्टा बाजारात आली तेव्हा ते गाठोडे सोडण्याची सोयच तिच्यात नव्हती. त्यासाठी मायक्रोसॉफ्टला वेगळे साधन द्यावे लागले. व्हिस्टाच्या नव्या आज्ञावलीत तर कोणता फोल्डर जपायचा हे सांगता येत नसे, फक्त फाईलींचे प्रकार निवडता येत. विंडोज ७ ने २००९ मध्ये ती चूक सुधारली. विंडोज ८ ने फाईल हिस्टरी आणली, ८.१ ने फाईलींची जुनी पद्धत काढून टाकली आणि विंडोज १० ने ती 'विंडोज ७' असे कंसात लिहून परत आणली! जपणुकीचे काम करणाऱ्या साधनाने इतक्या वेळा घर बदलणे हा विनोदच म्हणायचा.

आता दोषाकडे वळू. फाईल हिस्टरीच्या खिडकीत दोन वाक्ये दिसतात: ती चालू आहे, आणि शेवटची प्रत अमुक दिवशी अमुक वाजता घेतली. दोन्ही वाक्ये खरी असतात. पण त्यांवरून फेरी झाली एवढेच कळते. त्या फेरीत कोणत्या फाईली सुटल्या, याबद्दल ही खिडकी मौन पाळते. हजेरी घेताना शिक्षकाने "हजेरी झाली" एवढेच लिहावे आणि गैरहजर मुलांची नावे दुसऱ्या इमारतीतल्या कपाटात ठेवावीत, तसा हा प्रकार आहे. माझ्या मते हा या आज्ञावलीचा मुख्य दोष आहे आणि पुढच्या साऱ्या अडचणी त्याच्या पोटात येतात.

पहिली अडचण आपल्याकडच्या सवयीशी निगडित आहे. संगणक जुळवून देणारे दुकानदार एकाच डिस्कचे सी, डी, ई असे भाग पाडून देतात आणि "महत्त्वाचे सगळे डी मध्ये ठेवा" असा सल्लाही देतात. विंडोज बिघडली तर सी पुसावा लागेल, डी शाबूत राहील, हा त्यामागचा विचार. तो चुकीचा नाही. पण फाईल हिस्टरी आपण होऊन पाहते ते डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, पिक्चर्स अशा ठरावीक जागांकडे. डी भागातला 'निकाल' नावाचा फोल्डर तिच्या यादीतच नसतो. विंडोज १० मध्ये तो सेटिंग्जमधून यादीत घालता येत असे. विंडोज ११ मध्ये फाईल हिस्टरी फक्त कंट्रोल पॅनेलमध्ये उरली आहे आणि तेथे फोल्डर वगळता येतो, थेट जोडता येत नाही. त्यासाठी तो आधी एखाद्या 'लायब्ररी'त समाविष्ट करावा लागतो. ज्या साधनाचे काम जपणे, त्यात वगळण्याची सोय समोर आणि जोडण्याची आडवाटेने, हे अनाकलनीय आहे. जाता जाता: सी वरच्या फाईलींची प्रत डी वर ठेवणे ही जपणूक नव्हे. दोन्ही भाग एकाच डिस्कवर आहेत. ती गेली की दोन्ही गेले.

दुसरी अडचण मराठीत फाईलींची नावे देणाऱ्यांना विशेष जाचते, म्हणून तिच्यावर जरा रेंगाळू. विंडोजमध्ये फाईलच्या संपूर्ण पत्त्याची, म्हणजे डिस्कच्या अक्षरापासून फाईलच्या नावापर्यंतच्या ओळीची, २६० चिन्हांची जुनी मर्यादा आहे. पत्ता लांबला तर फाईल हिस्टरी ती फाईल सोडून पुढे जाते. आता आपली लिपी पाहा. 'शिष्यवृत्ती' या शब्दात आपल्या डोळ्यांना चार अक्षरे दिसतात: शि, ष्य, वृ, त्ती. संगणक मात्र व्यंजन, हलन्त आणि मात्रा वेगवेगळी मोजतो. श, ऱ्हस्व वेलांटी, ष, हलन्त, य, व, ऋकार, त, हलन्त, त, दीर्घ वेलांटी, अशी ही ११ चिन्हे झाली. 'संकलित मूल्यमापन द्वितीय सत्र' हे फोल्डरचे नाव घ्या. अक्षरे १४, मधल्या मोकळ्या जागा धरून संगणकाची चिन्हे २९. वर्ष, इयत्ता, तुकडी, विषय, चाचणी असे फोल्डरात फोल्डर ठेवणाऱ्या शिस्तप्रिय शिक्षकाचा पत्ता बघता बघता दोनशेच्या पुढे जातो.

बरे, मूळ फाईल मर्यादेत असते म्हणूनच ती संगणकावर नीट उघडते. गोम प्रतीत आहे. प्रतीच्या पत्त्याला सुरुवातीस फाईलहिस्टरी, वापरणाऱ्याचे नाव, संगणकाचे नाव, 'डेटा' आणि मूळ भागाचे अक्षर एवढे फोल्डर जोडले जातात आणि शेवटी कंसात तारीख, वेळ व 'यूटीसी' ही अक्षरे येतात. शेवटची ही शेपटीच २६ चिन्हांची आहे. म्हणजे जी फाईल तुमच्या संगणकावर निरोगी आहे, तिची प्रत मर्यादा ओलांडते आणि वगळली जाते. जितकी व्यवस्थित मांडणी, तितका धोका अधिक! उपाय सोपा आहे: नावे आखूड ठेवा, फोल्डरांचे थर कमी करा. पण हा उपाय योजायचा तर अडचण आहे हे आधी कळायला हवे.

ते कळण्याची जागा आहे, ती खोलवर. कंट्रोल पॅनेलमधील फाईल हिस्टरीच्या 'ॲडव्हान्स्ड सेटिंग्ज'मध्ये नोंदवही उघडण्याचा एक दुवा दिलेला असतो. त्यातून 'इव्हेंट व्ह्यूअर' उघडते. तेथे पत्ता फार लांब असल्याने किंवा त्यात न चालणारी चिन्हे असल्याने अमुक फाईलची प्रत घेतली नाही, अशी नोंद फाईलच्या पत्त्यासह सापडते. म्हणजे माहिती आज्ञावलीजवळ आहे. ती पहिल्या खिडकीत "इतक्या फाईली सुटल्या" असे लिहू शकली असती. तिने लिहिले नाही, एवढेच.

त्याच नोंदवहीत कधी कधी दुसरीही तक्रार दिसते: प्रत घेण्याची फेरी पुरी करताना असाधारण परिस्थिती आढळली, अशा अर्थाची. यावरून सामान्य माणसाने काय समजावे? अनेकदा कारण असते आज्ञावलीने स्वतःसाठी ठेवलेली सूची बिघडणे. अशा वेळी फाईल हिस्टरी बंद करावी, वापरणाऱ्याच्या 'ॲपडेटा' या दडवलेल्या फोल्डरात लोकल, मायक्रोसॉफ्ट, विंडोज, फाईलहिस्टरी असे उतरत जाऊन 'कॉन्फिगरेशन' फोल्डरचे नाव बदलावे (पुसू नये) आणि मग डिस्क पुन्हा निवडून नव्याने सुरुवात करावी. बाहेरच्या डिस्कवरच्या जुन्या प्रती तशाच राहतात. डिस्क भरणे ही आणखी साधी बाब. जुन्या प्रती 'कायम' ठेवाव्यात अशी मूळ मांडणी असते. ती बदलून जागा लागेल तोवर ठेवाव्यात असे केले की काम भागते.

हा मौनाचा दोष घरगुती आज्ञावलींपुरताच आहे असे नाही. ३१ जानेवारी २०१७ रोजी गिटलॅब या कंपनीत, जिथे इतरांच्या आज्ञावली सांभाळण्याचाच व्यवसाय चालतो, एका अभियंत्याने दुय्यम यंत्र समजून मुख्य यंत्रावरची माहिती पुसली. सुमारे ३०० जीबी माहिती गेली. मग असे आढळले की रोजच्या प्रती होतच नव्हत्या. प्रत घेणारे साधन एका आवृत्तीचे, माहितीसंग्रह दुसऱ्या आवृत्तीचा. साधन दररोज अपयशी होत होते आणि तसे कळवणारी पत्रे टपालव्यवस्था नाकारत होती. अखेर सहा तास आधी वेगळ्याच कामासाठी घेतलेली एक प्रत हाताशी लागली आणि मधल्या सहा तासांचे काम गेले ते गेलेच. कंपनीने हे सारे स्वतःहून प्रसिद्ध केले, हे तिला भूषणावह आहे.

हल्ली विंडोज या डिस्कच्या भानगडीत पडण्याऐवजी वनड्राइव्हकडे बोट दाखवते. तेथे विनामूल्य जागा ५ जीबी मिळते, म्हणजे विज्ञान प्रदर्शनाच्या चलचित्रांतच ती संपायची. शिवाय वनड्राइव्हचे मूळ काम दोन्हीकडे सारखे ठेवण्याचे आहे: इकडे फाईल पुसली की तिकडचीही जाते आणि काही दिवस कचरापेटीत राहते. त्या काही दिवसांत चूक लक्षात आली तर ठीक. वार्षिक निकालाची फाईल पुढच्या वर्षीच शोधली जाते, हे शिक्षकांना सांगायला नको.

तेव्हा परीक्षा घ्यायची ती परत मिळण्याची. बाहेरची डिस्क दुसऱ्या संगणकाला जोडावी आणि तीन-चार फाईली उघडून पाहाव्यात. सोप्या निवडू नयेत. एक सर्वांत आतल्या फोल्डरातली, एक लांबलचक मराठी नावाची, एक डी भागातली आणि एक कालच बदललेली, अशा घ्याव्यात. दोन्हीकडच्या फाईलींची संख्या ताडून पाहण्यात अर्थ नाही. प्रतींच्या बाजूला एकेका फाईलची अनेक रूपे असल्याने तो आकडा मोठाच येतो आणि फसवे समाधान देतो.

नववी-दहावीच्या मुलांकडून यातून एक चांगला प्रयोग करून घेता येईल. फोल्डरात फोल्डर असे दहा-बारा थर मराठी नावांनी करावेत आणि प्रत्येक थरात एक छोटी फाईल ठेवावी. प्रत्येक फाईलच्या प्रतीचा पत्ता किती चिन्हांचा होईल हे मुलांनी कागदावर काढावे आणि कोणत्या थरापासून प्रती मिळणार नाहीत याचे भाकीत लिहून ठेवावे. मग ही बाड डॉक्युमेंट्समध्ये ठेवून एक फेरी होऊ द्यावी आणि नोंदवही उघडावी. प्रतींच्या नावातली वेळ पाहून मुले गोंधळतील: सकाळी दहाला घेतलेल्या प्रतीवर साडेचार लिहिलेले दिसेल. ती वेळ जागतिक प्रमाणवेळ आहे, आपल्याहून साडेपाच तास मागे.